तुम्ही विचारलंत म्हणून: जमिनीची ऊब घेणारा हीट पंप

नवीन घर बांधायला काढलं की हा प्रश्न येतोच: "जमिनीतून उष्णता घेणारा हीट पंप बसवायचाय. कोणता घ्यावा, किती किलोवॉटचा?" माझं उत्तर असं, की मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. यंत्र वीसेक वर्षांनी बदलता येतं. जमिनीची ऊब आपल्यातल्या द्रवातून यंत्राकडे आणणारी, जमिनीत पुरलेली नळी पन्नास वर्षं तिथेच राहते, आणि तिचं माप चुकलं तर पुन्हा बोअर मारणं किंवा अंगण उकरणं आलं.

सुरुवात घरापासून करा. ऐन कडाक्याच्या थंडीत घरातून किती उष्णता निसटते, हे प्रत्येक खोलीचा हिशेब मांडून काढून घ्या. क्षेत्रफळावरून बांधलेला ठोकताळा चांगल्या इन्सुलेशनच्या घराला हमखास जास्त आकडा देतो. मग गरजेपेक्षा मोठं यंत्र येतं, ते सारखं चालू-बंद होतं आणि कंप्रेसर लवकर झिजतो.

समजा गरज 8 किलोवॉट निघाली आणि यंत्र 1 युनिट विजेवर 4 युनिट उष्णता देतं. म्हणजे 2 किलोवॉट वीज, बाकीचे 6 जमिनीने द्यायचे. हा 6 चा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नळी उभ्या बोअरमध्ये सोडायची असेल, तर बऱ्यापैकी खडकात बोअरच्या दर मीटरमागे साधारण 50 वॉट मिळतात, म्हणजे 120 मीटर खोदाई. कोरड्या वाळूत 25 च धरा, खोदाई दुप्पट होते. आडव्या नळ्या 1.2 ते 1.5 मीटर खोल चरात टाकायच्या असतील, तर ओलसर चिकणमातीत चौरस मीटरमागे 25 वॉट धरून 240 चौरस मीटर मोकळी जागा लागेल. कोरड्या वाळूत ती 600 वर जाते. त्या जागेवर नंतर फरसबंदी करू नका, मोठी झाडंही लावू नका. ऊन आणि पाऊस मातीत पोचले तरच ती पुन्हा तापते. अंघोळीचं पाणीही याच यंत्रावर असेल तर ते वर्षात जास्त तास चालतं, म्हणून मीटरमागे वॉट कमी धरा.

स्वस्त कोटेशनमध्ये कात्री लागते ती बहुधा या मीटरांना. पहिला हिवाळा बरा जातो, म्हणून चूक कळतच नाही. पुढे दरवर्षी जमीन थोडी जास्त गार होते, परतणारं द्रव थंड येतं, मग विजेचा हीटर मदतीला धावतो आणि बिल फुगतं. आडव्या नळ्यांभोवतीची माती गोठून वर फुगते, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट घर तापवायला खोल्यांत फिरणाऱ्या पाण्याच्या तापमानाची. फरशीखालच्या नळ्यांना 35 अंशांचं पाणी पुरतं, लहान रेडिएटरना 55 लागतं, आणि चढवलेल्या प्रत्येक अंशामागे कार्यक्षमता अंदाजे अडीच टक्क्यांनी घटते. म्हणून फरशीखालच्या नळ्यांमधलं अंतर 100 ते 150 मिलिमीटर ठेवा, आणि ते कोबा ओतण्याआधी तपासा. गरम पाण्याच्या टाकीतलं कॉइलही (पाण्याला उष्णता देणारी गुंडाळलेली नळी) मोठं हवं, या यंत्राला 3 चौरस मीटरच्या आसपास. बॉयलरसाठीची टाकी जोडली तर उष्णता पाण्यात पुरेशी उतरत नाही आणि यंत्र जास्त दाबाने बंद पडतं.

खोदाईच्या दिवशी समोर उभे राहा. बोअरमधलं ग्राउट (नळीभोवतीची जागा भरणारं मिश्रण) तळापासून वर भरत यायला हवं. वरून ओतलं तर पोकळ्या राहतात, आणि पोकळीतून उष्णता येत नाही. दोन बोअरमध्ये किमान 6 मीटर अंतर ठेवा. मातीखाली जाणारे सांधे वेल्ड केलेलेच हवेत, आवळून बसवलेले नकोत. झाकण्याआधी दाबाची चाचणी घ्या. नंतर जोरदार पंपाने नळ्यांतली हवा काढायची. यंत्रातल्या छोट्या पंपाला ते जमत नाही, आणि राहिलेला बुडबुडा प्रवाह अडवतो. ग्लायकॉल, म्हणजे नळीतलं पाणी गोठू न देणारं रसायन, पाण्यात आधी मिसळून मगच भरा. 25 ते 30 टक्के पुरे. जास्त घातलं तर द्रव घट्ट होतं आणि पंपाला उगाच वीज लागते. घरातल्या थंड नळ्यांवरचं इन्सुलेशन सांध्यांवरही सलग हवं, नाहीतर त्यांना घाम सुटून भिंत ओली होते.

चर बुजवण्याआधी भिंतीपासूनची मापं लिहून फोटो काढा आणि तो नकाशा यंत्राशेजारीच लावून ठेवा. पुढे कुंपणाचे खड्डे खणणाऱ्याला तो लागेल.