सुकटीचा वास आणि चार पौंडांचा बास

पहाटे साडेपाचला गाडीचं दार उघडलं आणि नाकात थेट सुकटीचा वास शिरला. देवगड सोडून अकरा वर्षं झाली. डेट्रॉइटजवळच्या पार्किंगमध्ये हा वास कुठून? पायाखाली कुरकुरलं तेव्हा उलगडा झाला. फिशफ्लाय! जून सरता सरता हे पंखवाले किडे तळ्याच्या गाळातून झुंडीनं वर येतात, एखाद-दोन दिवस जगतात आणि दिव्याच्या खांबांखाली ढिगानं मरून पडतात. इथले लोक नाकाला रुमाल लावतात. मला भूक लागली.

मी बास मासे गरवायला आलो होतो त्या तळ्याचं नाव लेक सेंट क्लेअर. ला साल हा फ्रेंच दर्यावर्दी १६७९ साली संत क्लेअरच्या सणाच्या दिवशी इथे पोचला, म्हणून हे नाव. ह्युरॉन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या मधोमध पसरलेलं हे पाणी साधारण ११०० चौरस किलोमीटर आहे, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. आमच्या परसातल्या विहिरीत याहून जास्त पाणी असतं. मोठी जहाजं मधे खास खणलेल्या वाटेनं जातात. अर्ध्याहून जास्त तळं कॅनडाचं आहे. बोटीवरच्या पडद्यावर सीमेची रेघ दिसते, आणि ती ओलांडून गळ टाकायचा तर ऑन्टारिओचं लायसन्स हवं. मिशिगनचं एका दिवसाचं माझं दहा डॉलरमध्ये फोनवरच निघालं.

पैसे घेऊन माणसं मासेमारीला बोटीवर न्यायची तर कोस्ट गार्डची परीक्षा द्यावी लागते, म्हणून गाईडला सगळे कॅप्टन म्हणतात. आमचा कॅप्टन साठी उलटलेला, कमी बोलणारा. पाणी इतकं नितळ कसं, एवढं विचारल्यावर मात्र खुलला. १९८८ साली इथे झेब्रा शिंपले सापडले. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून ते युरोपातून आले आणि तळंच्या तळं गाळून काढू लागले. मागोमाग त्याच वाटेनं गोबी नावाचा छोटा मासा आला. हा आपल्या निवटीचा भाऊबंद. स्मॉलमाउथ बास त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून आमच्या गळालाही गोबीसारखं दिसणारं रबरी आमिष होतं, मागे झालर असलेलं. त्याला ट्यूब म्हणतात.

आता माझी फजिती. मी लहानपणी आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जाणारा. दोरी बोटाला गुंडाळायची, शेंगटीनं हिसका दिला की ओढायचं. त्या जोरावर इथे चार मासे घालवले. धक्का लागला म्हणून ओढावं तर तो दगड, आणि खरा मासा आला-गेला ते कळतच नव्हतं. चौथ्यानंतर कॅप्टन म्हणाला, "तू काहीतरी लागण्याची वाट बघतोयस. ट्यूब तळाशी घासते ती टिकटिक ऐक. थांबली, की ओढ."

बोटांनी ऐकायला तासभर गेला. टिक. टिक. मग काहीच नाही, ओल्या फडक्यासारखं जडपण फक्त. ओढलं, आणि वीस पावलांवर एक तांबूस मासा पाण्याबाहेर उभाच राहिला! रीळ करकरलं, दोनदा बोटीखाली घुसला, कॅप्टन जाळं धरून शांत. चार पौंड दोन औंस. अंगावर उभे पट्टे, डोळे लालभडक, रागावलेल्या मास्तरांसारखे. खालच्या जबड्यात अंगठा घालून धरायचा असतो. दात असे नाहीतच, नुसता पॉलिश पेपर.

या दिवसांत चौदा इंचांवरचे पाच मासे घरी न्यायला कायद्याची हरकत नाही. पण या बोटीवर सगळे परत पाण्यात. "एखादा तरी?" म्हणून विचारलं, तर त्यानं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्याच्या कुत्र्याची रेसिपी मागितली. सात-आठ वर्षांचा तरी असेल हा, एवढंच म्हणाला. मी हात पाण्यात धरले. शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर, आणि गेला.

दुपारपर्यंत अकरा मासे झाले. कॅप्टननं दिवसभरात स्वतः एकदाही गळ टाकला नाही. मी एकदा काठी पुढे केली, तर मान हलवून सँडविच खात बसला.

घरी आलो तर बायकोनं हॅमट्रॅमकच्या बांगलादेशी दुकानातला फ्रोजन बांगडा तळायला काढला होता. "लिंबू पिळ जरा," म्हणाली. पिळलं, आणि सोललेला अंगठा असा झोंबला की थेट नळाखाली धरला.