केसपेपरच्या खिडकीवरचा प्रश्न

विश्रामबागेतून मिरजेकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना दवाखानेच दवाखाने. सांगलीकराला स्त्रीरोगतज्ज्ञ शोधायला कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते दारातली केसपेपरची खिडकी ओलांडताना. बायकोला पाळीआधीच्या त्रासासाठी दाखवायला घेऊन गेलो होतो. माझा राग अजून त्या खिडकीपाशीच अडकलाय, म्हणून आधी तेच लिहितो.

हा मजकूर बायकोनं वाचलाय आणि त्यातली काही वाक्यं खोडलीत. तेव्हा तिला नेमकं काय होतं, कोणतं औषध चालू आहे, ते इथं मिळणार नाही. एवढंच सांगतो, की पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस जड जातात आणि पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत सगळं निवळतं. घरात बरीच वर्षं याला ‘हिचा स्वभाव’ म्हणायचे.

तर खिडकी. काचेआड एक मुलगी, बाहेर तासगाव-कवठेमहांकाळहून पहाटे निघालेली माणसं, आणि बाकावर आमच्याच कॉलनीतल्या एक काकू. ओळखीचं कुणी भेटणार नाही असा दवाखाना सांगलीत अजून बांधायचाय. नाव, वय, पत्ता झाला. मग काचेच्या भोकातून मोठ्यानं, ‘त्रास काय होतोय?’

‘डॉक्टरांना सांगते,’ ही म्हणाली.

‘नाही ओ मॅडम, ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.’

‘मग तपासणी असं लिहा.’

‘तसं चालत नाही. पाळीचा प्रॉब्लेम आहे का? अंगावरून जातंय का?’ उत्तर येईना, तशी ती माझ्याकडं वळली. ‘मिस्टर, तुम्ही तरी सांगा की!’

मागचे गृहस्थ कुरकुरले, ‘सांगून टाका की ओ पाव्हणं, आमचा नंबर जायचा.’

मला सगळं ठाऊक होतं. दोन शब्दांत सांगितलं असतं तर रांग हलली असती. पण ते सांगणं माझ्या हातातलं नव्हतंच. ‘पेशंट त्या आहेत. त्या सांगतील तेवढंच लिहा,’ म्हणालो. मुलीनं फोन उचलला, ‘सर, एक पेशंट माहिती देईनात,’ आणि आम्हाला बाजूला उभं केलं. काकूंचे कान एव्हाना टवकारलेले. मागचे गृहस्थ पुढं गेले, त्यांच्यामागचे गेले, आम्ही आपले खांबाला टेकून.

संताप कशाचा, तर त्या मुलीच्या डोक्यामागं, गणपतीच्या फोटोशेजारी, रुग्ण हक्क सनद फ्रेम करून लावलेली होती. २०२१ मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा झाली, तेव्हापासून ही सनद लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. तिच्यात गोपनीयतेचा हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासणार असेल तर सोबत दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्कही आहे. मॅनेजर आल्यावर मी त्या फ्रेमकडं बोट केलं. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, ‘अहो, ते नियमासाठी लावलंय.’

यावर काय बोलणार! शेवटी त्यांनीच माउस हातात घेतला, यादी खाली सरकवली आणि ‘सर्वसाधारण सल्ला’ निवडलं. पान उघडलं. म्हणजे तो पर्याय पहिल्यापासून यादीत होता. तुम्ही जाल तेव्हा खिडकीवर थेट हेच शब्द म्हणा, आणि सोबत गेलेल्यानं तोंड मिटून शेजारी उभं राहावं.

पुढं बीपी घेणाऱ्या सिस्टरनं हॉलच्या या टोकावरून ‘पाळीची तारीख?’ विचारलं, तेव्हा हिनं पर्समधून चिठ्ठी काढून हातात दिली. तारीख, चालू औषधं, सगळं घरूनच लिहून आणलेलं. माझ्या डोक्यात हे आलंच नसतं.

डॉक्टर बाई चांगल्या. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं, मी बसलो. नंतर हिनं जे सांगितलं त्यातलं लिहिण्याजोगं असं, की लागोपाठ दोन पाळीचक्रं रोजच्या रोज त्रासाची नोंद ठेवायची, आठवून नंतर भरायची नाही. त्याशिवाय याला नाव देत नाहीत, कारण थायरॉइड, रक्ताची कमी, नैराश्य यांतही असाच थकवा आणि चिडचिड असते. नोंदवही तिच्या कपाटात असते. मोबाइलवर ॲप आहेत, पण आमच्याकडं फोन संध्याकाळी पोराच्या हातात जातो, त्यामुळं वहीच बरी.

मला त्या वहीतलं काही कळत नाही आणि कळायची गरजही पडत नाही. ‘आज स्वयंपाक तुमच्याकडं’ एवढं वाक्य आलं की मी कुकर लावतो. आई विचारते, ‘हिला काय झालंय रे?’ मी म्हणतो, ‘दमलीय. तिलाच विचार.’ विचारत नाही ती.

आणि भांडणात ‘तारीख जवळ आली वाटतं’ हे वाक्य चुकूनही काढायचं नाही. वीजबिल मी भरलेलं नसतं म्हणून ती चिडलेली असते, आणि ते बिल विसाव्या तारखेलाही थकलेलंच असतं.

एका बाबतीत मात्र गुपित ठेवायचं नाही, हे आम्ही तिच्या चांगल्या दिवसांत बसून ठरवलं. या त्रासाचं एक तीव्र रूप असतं, मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून ते स्वतंत्र निदान म्हणून आहे. त्यात जगणं नको वाटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तसं काही बोलणं आलं तर मी कुणाला फोन करायचा, ते नाव तिनंच दिलंय. शिवाय सरकारची टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास आणि मोफत आहे. तो नंबर दोघांच्या फोनमध्ये आहे.

राहिलं म्हणून सांगतो, डॉक्टरांची चिठ्ठी गल्लीतल्या मेडिकलमध्ये नेऊ नका. आमचा मेडिकलवाला संध्याकाळी माझ्याच कट्ट्यावर बसतो. मी मिरजेतूनच औषध आणतो, लागलं तर वाट वाकडी करून.

त्या दवाखान्याला मी लेखी पत्र दिलं, की खिडकीवर कारण विचारू नका, ते भरायचं काम आत करा. पोच घेतली, उत्तर नाही. फॉलोअपला मात्र जुना केसपेपर नंबर सांगितला की त्रास विचारत नाहीत, पान आपोआप उघडतं. तो नंबर फाईलच्या कोपऱ्यात बारीक छापलेला असतो, निघण्याआधी लिहून घ्या.