एकाच नावाच्या दोन फाइली

दस्तऐवज सांभाळणारा आमचा डेस्कटॉप प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी एकाच सोर्स कोडमधून तयार होतो. त्या दिवशी सकाळी आलेली तक्रार अशी होती की, मॅकवरचे फोल्डर झिप करून विंडोजवर उलगडल्यावर प्रोग्राम काही फाइली ‘सापडत नाहीत’ असे सांगतो. फोल्डर उघडले, तर त्या समोरच दिसतात.

पाथची, म्हणजे फाइलीच्या पूर्ण पत्त्याची, विंडोजवरची २६० अक्षरांची जुनी मर्यादा, नावातील कोलन, उलट्या-सुलट्या तिरक्या रेघा हे नेहमीचे संशयित तासाभरात निर्दोष सुटले. मग एका सहकाऱ्याने न सापडणारी नावे एकाखाली एक लिहून काढली: ‘कर्मचाऱ्यांची यादी’, ‘दुसऱ्या तिमाहीचा अहवाल’, ‘अपुऱ्या नोंदी’. ‘वार्षिक अहवाल’ मात्र बिनतक्रार उघडत होता. हरवलेल्या प्रत्येक नावात ‘ऱ’ होता.

बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिले, तेव्हा आमच्या इंडेक्समध्ये, म्हणजे प्रोग्रामने स्वतःकडे ठेवलेल्या नावांच्या यादीत, ‘ऱ’साठी तीन बाइट होते आणि डिस्कवरच्या नावात सहा. प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात हे अक्षर ०९३१ या एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) जोडून दोन संकेतांकांनीही, दोन्ही रूपे समतुल्य मानली जातात आणि पडद्यावर सारखीच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याची व्यवस्था, नाव साठवताना अशा अक्षरांची फोड करते, पण कोणत्याही रूपात मागितले तरी फाइल देते, त्यामुळे तक्रारदाराच्या जुन्या डिस्कवर सारे सुरळीत चालले होते. फोड झालेले नाव झिपमधून जसेच्या तसे विंडोजवर पोहोचले आणि तिथली एनटीएफएस ही फाइल सिस्टिम असली समतुल्यता मानत नाही. दोष खरे तर आमचाच होता: डिस्कला दिलेले नाव तसेच परत मिळेल, हे आम्ही न तपासता गृहीत धरले होते.

पहिला उपाय मी घाईने सुचवला. प्रोग्राम सुरू होतानाच सगळी नावे एकसंध, म्हणजे ‘ऱ’साठी एकच संकेतांक असलेल्या, रूपात बदलून टाकायची. लिनक्सवर ते निमूटपणे झाले, पण विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रामने उघडून ठेवलेल्या फाइलीपाशी अडले. शिवाय वापरकर्त्याच्या फाइलींची नावे त्याला न विचारता बदलणे मला स्वतःलाच पटेना. अखेर असे ठरले की तुलना करताना दोन्ही नावे एकसंध रूपात आणायची, फाइल मात्र डिस्कने सांगितलेल्या मूळ नावानेच उघडायची.

दुरुस्त प्रोग्राम तक्रारदाराच्या फोल्डरवर चालवला, तर ‘कर्मचाऱ्यांची यादी’ला एकाऐवजी दोन फाइली जुळल्या. फाइल हरवली असे समजून त्याने त्याच नावाची नवी तयार केली होती आणि एनटीएफएसने दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून घेतल्या होत्या; मॅकने त्या एका फोल्डरमध्ये नांदूच दिल्या नसत्या. खरी कोणती, हे कोडने ठरवावे असा नियम काही सुचेना. म्हणून दोन्ही फाइली आकार आणि बदलाच्या तारखेसह दाखवणारी एक चौकट तयार करून त्याच्याकडे पाठवली. जुन्या फाइलीत आधीचे सगळे काम होते, नवीत कालचे. संध्याकाळी उत्तर आले: दोन्ही हव्यात.