लिफ्ट बंद, धाप आणि औषधांच्या डब्यातला ऑक्सिमीटर

कोरोनात सगळ्यांनी घेतला तसा आम्हीपण एक ऑक्सिमीटर घेतला होता, तो तेव्हापासून औषधांच्या डब्यात तळाशी पडून. मागच्या महिन्यात बिल्डिंगची लिफ्ट आठ दिवस बंद होती आणि दोन हातात भाजीच्या पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यावर आलो तर छातीचा नुसता भाता झालेला. पिशव्या दारातच टाकल्या, सेल बदलले आणि बोट घातलं. नाडी 132, श्वास मिनिटाला तिसाच्या वर, आणि ऑक्सिजन? 97! म्हणजे झकास.

मला आजपर्यंत वाटायचं धाप लागते म्हणजे ऑक्सिजन कमी पडतो. तसं नाहीये. श्वासाचं गणित मेंदू मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर धरतो, तो रक्तात साठू नये म्हणून भाता चालू. आणि त्याहून भारी म्हणजे तो साठायचीसुद्धा वाट बघत नाही, पायांना 'चल' सांगतानाच मेंदू हृदय आणि श्वास दोघांनाही कळवून टाकतो, त्यामुळे पहिल्या चारपाच पायऱ्यांतच दोन्ही वाढायला लागतात. हृदयाचं तर सोपंच, त्याला मोकळं सोडलं तर ते बसल्या जागी शंभरच्या आसपास पळेल, व्हेगस नावाची नस त्याला दाबून सत्तरवर ठेवते. चढायला लागलं की आधी हा ब्रेक सुटतो, अ‍ॅड्रेनलिन वगैरे मंडळी नंतर येतात.

आकडे खाली येताना मात्र दोघांची जोडी फुटते. दोन मिनिटांत मी नीट बोलायला लागलो होतो पण नाडी अजून 104 वर, सोडायलाच तयार नाही.

मग चाळाच लागला. रात्री टीव्हीसमोर शांत बसून बोट घातलं तर आकडा 66, 71, 75, परत 67, असा वरखाली. मनगटावर बोटं ठेवून पाहिलं तर खरंच ठोके सारखे नाहीत. झालं, नेटवर नको ते वाचलं, झोप उडाली, सकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. त्यांनी ईसीजी काढला, मग म्हणाले आता जरा श्वास रोखा, आणि तेवढी पट्टी परत काढली. पहिल्या पट्टीत ठोके जवळ-लांब-जवळ, दुसरीत एकसारखे. "अहो, श्वास आत घेताना वाढतायत, सोडताना कमी होतायत, चांगलंय की." श्वास घेताना तोच व्हेगसचा ब्रेक थोडा ढिला होतो, सोडताना परत लागतो. तरुणपणी हे जास्त दिसतं, वयानुसार कमी होत जातं (चाळिशीत हे ऐकून मी उगाच खूश). श्वासाशी काही संबंध न ठेवता ठोके कसेही पडत असतील तर मात्र लगेच दाखवायला यायचं, हेही त्यांनी बजावलं.

कार्ल लुडविग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 मध्येच श्वासाबरोबरचा हा ठोक्यांचा झोका नोंदवून ठेवलाय, काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर सुई ओरखडे काढायची, त्यावर. आपण 'जीव वरखाली होतोय' म्हणतो, तो खरोखरच होत असतो, प्रत्येक श्वासाला!

श्वास जितका सावकाश तितका हा झोका मोठा, मिनिटाला सहाच्या आसपास सगळ्यात जास्त. 2001 मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांच्या टीमने दाखवलं की ख्रिश्चनांची जपमाळ म्हणा नाहीतर योगातला मंत्र, म्हणणाऱ्याचा श्वास आपोआप सहावर येतो. हे वाचून मी संध्याकाळी रामरक्षा म्हणणाऱ्या आईच्या बोटाला ते चिमटं लावलं. पण आईची रामरक्षा म्हणजे फास्ट लोकल, तीन-तीन श्लोक एका दमात, मधे स्टेशन नाही. आकडा 82 वरून हलेचना. हळू म्हण ना जरा, म्हटलं तर "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात, तू गॅस बंद कर आधी."