लष्करातली अर्धी खिडकी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, आम्ही ज्या लॉजमध्ये उतरलो होतो तेथील आमच्या खोलीला नेमकी अर्धी खिडकी होती. यात अतिशयोक्ती मुळीच नाही. जुन्या वाड्याच्या माडीवरचा दिवाणखाना मधोमध प्लायवूड ठोकून दोन खोल्यांत विभागलेला होता आणि रस्त्याच्या बाजूला एकच मोठी खिडकी असल्यामुळे ते प्लायवूड थेट तिच्या मधल्या उभ्या चौकटीला जाऊन भिडले होते. एक झडप आमच्या वाट्याला आली होती, दुसरी शेजाऱ्यांच्या. लाकडी छतावर कोरलेल्या कमळाची वाटणीही अशीच झाली असती, पण प्लायवूड छताच्या हातभर खालीच संपत होते, त्यामुळे कमळ तेवढे अखंड राहिले होते आणि पलीकडचा प्रत्येक शब्द आमच्याकडे सुखरूप पोहोचत होता.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी टाकलेल्या छावणीचे पुढे हे लष्कर झाले. सरदार-मानकऱ्यांचे असे वाडे येथे गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या एखाद्यात राहायला मिळावे, एवढ्याच हौसेने मी ही स्वस्तातली जागा निवडली होती. तळमजल्यावर मालक गल्ल्यामागे बसत असत. त्यांच्या डोक्यावर नियमांची हिंदी पाटी होती आणि तिच्यावर ‘खाना पकाना मना है’च्या खालोखाल ‘रात नौ बजे के बाद रियाज़ मना है’ असे लिहिलेले होते. संगीत विद्यापीठ असलेल्या या गावात तेवढी दक्षता घेणे मला रास्तच वाटले.

मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. त्यामुळे लॉजचा सारा डोलारा कूलरवर उभा होता, आणि आमचा कूलर त्या वाटणीच्या खिडकीबाहेर, लोखंडी घोडीवर, बरोबर मध्यभागी बसवलेला होता. त्याच्या तोंडाची डावी बाजू आमच्याकडे वारा फेकत होती आणि उजवी शेजाऱ्यांकडे. तिन्ही बाजूंच्या गवताच्या जाळ्यांवरून पाणी ठिबकू लागले की ओल्या गवताचा छान वास सुटत असे. बटणे मात्र दोन्ही, पंख्याचे आणि पाण्याच्या पंपाचे, पलीकडच्या भिंतीवर होती.

पहिल्या रात्री जरा डोळा लागतो न लागतो तोच प्लायवूडपलीकडून बायकी आवाज आला, “अहो, तो कूलर बंद करा ना, पाय गारठले माझे.” पाठोपाठ खट्‌ असा आवाज झाला आणि आमच्या खोलीतला वारा मेला. मी दोन मिनिटे वाट पाहिली आणि मग छताकडे तोंड करून म्हटले, “काकू, नमस्कार. तुमचा कूलर बंद झाला की आमचाही होतो हो.”

पलीकडे शांतता पसरली. मग एका पुरुषाने विचारले, “मराठी का? कुठल्या आपण?”

“डोंबिवलीच्या.”

“तरीच. दार लावून घेतलंय ना?”

अनोळखी गावात, लॉजमध्ये, रात्री दार लावून घेतले होते हे खरेच होते. त्यावर काकांनी न दिसणाऱ्या श्रोत्यांना कूलरचे शास्त्र समजावून सांगितले. कोरडी हवा ओल्या जाळीतून आत येते, पाण्याची वाफ होताना तिच्यातली उष्णता जाते, पण आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत ओल साचत राहते आणि नुसती उमस होते. “तुमच्या मुंबईकडे हवाच आधी ओली, तिथे कूलर काय करणार बापडा! इथे तो चालतो, पण दार उघडं हवं.”

म्हणजे थंडावा हवा असेल तर खाजगीपणा सोडायचा. आम्ही दार उघडून त्यात खुर्ची आडवी लावली, आणि त्या रात्रीपासून सज्जातून येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या झोपेचा साक्षीदार झाला. पहाटे चहा आणणारा मुलगा तर खुर्चीवरच कप ठेवून जाऊ लागला. मला या प्रकाराचा मनस्वी राग येत होता, आणि तरीही खोली खरोखरच गार पडत होती, हे कबूल करावे लागते.

काकूंच्या पायांचा प्रश्न शिल्लक होता. माझ्या यजमानांनी खाली जाऊन जादा चादर आणली आणि पलंगावर उभे राहून ती प्लायवूडवरून पलीकडे सोडली. पलीकडून बांगड्या भरलेला एक हात वर आला आणि चादर ओढून घेऊन गेला. तेवढ्यावर तह झाला: कूलर रात्रभर चालू राहील, पंप मात्र मध्यरात्रीनंतर बंद होईल.

सकाळी सज्जात ती दोघे प्रत्यक्ष भेटली. दोघांचाही जन्म लष्करातला. आता ती मुलाकडे पुण्याला राहतात आणि पुतण्याच्या लग्नासाठी आली होती. नातेवाइकांची घरे पाहुण्यांनी भरली असताना त्यांच्यात भर नको, म्हणून त्यांनी लॉज गाठला होता. काका मला एवढेच म्हणाले की, त्यांच्या स्वतःच्या वाड्यात आता कापडाचे गोदाम आहे, आणि लगेच कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहायला उठले.

किल्ला आम्ही उन्हाच्या आधी उरकला. चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखातले शून्य पाहिले, मानमंदिर या राजवाड्याच्या भिंतींवरच्या निळ्या फरशा आणि त्यांवरची बदकांची रांग पाहिली. तेथील तळघरात गाइडने हवा खेळवण्यासाठी भिंतीतून काढलेले मार्ग दाखवले, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वी मानसिंह तोमरांनी जमिनीखालच्या दालनांचीही सोय केली होती आणि आमच्या मालकांना माडीवरच्या दोन खोल्यांची करता आली नाही, हे यजमानांनी मोठ्याने बोलून दाखवले. दुपारी जयविलास राजवाड्यातली ती साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरे पाहिली. त्याखेरीज ग्वाल्हेरबद्दल मला सांगण्यासारखे फारसे नाही, कारण उरलेला सगळा वेळ आम्ही कूलरसमोर काढला.

निघताना बिल हातात आले आणि त्यात ‘कूलर चार्ज’ म्हणून रोजचे शंभर रुपये लावलेले दिसले. काकांच्या बिलातही तेवढेच होते. एकाच कूलरचे दोनदा पैसे कसे, असे मी विचारताच मालक अतिशय सौजन्याने म्हणाले, “मैडम, हवा तो दोनों तरफ़ पूरी आ रही थी।” काकांनी अस्सल ग्वाल्हेरी हिंदीत वाद सुरू केला, पण निकाल काकूंनी लावला. रोज सकाळी बादलीने पाणी आम्ही दोघींनी भरले होते, तेव्हा त्याची मजुरी आधी कापा आणि मग हवेचे बोला, असे त्यांनी सुनावले. मालकांनी दोन्ही बिले फाडून पन्नास-पन्नासची नवी लिहिली. चादरीचे वीस रुपये मात्र त्यांनी सोडले नाहीत; चादर आमच्या नावावर गेली होती, ती परत काकूंच्या खोलीतून मिळाली, या मुद्द्यावर ते जराही हलायला तयार नव्हते.