टचपॅडचा जुना मार्ग

सोलापुरातल्या घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवल्यावर टचपॅडने पडद्यावरचा बाण हलत होता, परंतु दोन बोटांनी पान सरकवताना ते अडखळत असे. 'डीमेसग' आज्ञेने कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंद वाचली, तेव्हा कारण उलगडले: टचपॅड एसएमबस या संगणकातल्या नव्या जोडणीच्या मार्गाने बोलू शकत असूनही कर्नेल त्याच्याशी १९८७ पासूनच्या, कीबोर्ड-माऊस जोडण्याच्या पीएस/२ पद्धतीनेच बोलत होते, कारण पीएसमाऊस या ड्रायव्हरमधील (टचपॅड चालवणाऱ्या प्रोग्राममधील), एसएमबसने जोडायच्या टचपॅडांच्या ओळखक्रमांकांच्या यादीत या टचपॅडचा क्रमांक नव्हता. एसएमबस वापरायला लावणाऱ्या, ड्रायव्हरच्या 'सिनॅप्टिक्स_इंटरटच' या पर्यायाला १ ही किंमत देऊन संगणक पुन्हा सुरू केला आणि पान अलगद सरकू लागले. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी: यादीत एकच ओळ वाढवणारा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, लिनक्स घडवणाऱ्यांकडे पाठवणे. तेच काम मी आता, घाई न करता, नीट तपासून करीत आहे.