परिशिष्टातून शिकलेली असेम्ब्ली

असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देण्याची भाषा, मी पुस्तकातून शिकलो, आणि खरं सांगायचं तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांतून.

नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो. अभ्यासक्रमात ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, आणि ८०८५ म्हटलं की त्यावरच्या पुस्तकाचे लेखक रमेश गावकर. हे गृहस्थ अमेरिकेत सिरॅक्यूसला कम्युनिटी कॉलेजात शिकवायचे, पण इकडे आमच्या वर्गात पुस्तकाचं नाव कोणी घेत नसे. ‘गावकर घेतलास का?’ एवढंच विचारायचे. माझी प्रत अप्पा बळवंत चौकातली, जुनी. आधीच्या मालकाने परीक्षेत येणाऱ्या प्रश्नांवर लाल खुणा केल्या होत्या. बाकीची पानं कोरी करकरीत.

पहिली प्रकरणं मी भराभर वाचून काढली. पिन डायग्राम, बस, टायमिंग डायग्राम. वाचताना सगळं कळतं, पुस्तक मिटलं की हाती काही राहत नाही. वही आडवी धरून रकाने आखायला लागलो तेव्हा कुठे गाडी रुळावर आली: पत्ता, हेक्स कोड (सोळाच्या पायातले आकडे), लेबल (ओळीला दिलेलं नाव), निमॉनिक (सूचनेचं अक्षरी नाव), शेरा. लॅबमधल्या किटला असेम्बलर, म्हणजे निमॉनिकचे कोड करून देणारा प्रोग्रॅम, नव्हता. हेक्स कीपॅड, पत्त्याला चार आकडे आणि डेटाला दोन आकडे दाखवणारा डिस्प्ले, बस्स. ‘एमव्हीआय ए, ३२’ लिहायचं, परिशिष्टात त्याचा कोड ३ई शोधायचा आणि ३ई, ३२ अशा दोन बाइट भरायच्या. पत्ता दोन बाइटचा असला की आधी खालची बाइट, मग वरची. मध्येच एखादी इन्स्ट्रक्शन घुसवायची वेळ आली तर खालचे सगळे पत्ते सरकणार, म्हणून दर काही ओळींनी दोन-तीन ‘नॉप’ (काहीच न करणारी सूचना) मोकळे सोडायचे, ही सीनियरांची शिकवण. वीज गेली की रॅम साफ, आणि वीज तर जायचीच. एका किटवर चार-पाच जण असल्यामुळे प्रोग्रॅम घरून कागदावर चालवूनच आणावा लागे. ट्यूबखाली बसून प्रत्येक ओळीनंतर ए, बी, सी, एच, एल या रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागांत) काय आहे ते पेन्सिलीने लिहीत जायचं.

अर्ध्या सेकंदाने एलईडी उघडझाप करायचा, त्यासाठीच्या डिले लूपवर मात्र मी बराच अडून बसलो. लूप असा:

२०००: ०१ ०० एफए – एलएक्सआय बी, एफए००
२००३: ०बी – डीसीएक्स बी
२००४: ७९ – मूव्ह ए, सी
२००५: बी० – ओआरए बी
२००६: सी२ ०३ २० – जेएनझेड २००३

बीसी जोडीत मोठी संख्या भरा, एकेक कमी करा, शून्य होईपर्यंत परत फिरा. इतकं सरळ काम, मग मूव्ह आणि ओआरए या मधल्या दोन ओळी कशाला? मित्रांच्या वह्यांत त्या ओळी होत्या, कारण कोणाच्याच वहीत नव्हतं. उत्तर मिळालं परिशिष्टात, फ्लॅगच्या रकान्यात. फ्लॅग म्हणजे आधीच्या हिशेबात उत्तर शून्य आलं का (झीरो), हातचा राहिला का (कॅरी), असं सांगणाऱ्या खुणा. डीसीआर (एक रजिस्टर एकने कमी करणारी) कॅरी सोडून बाकीचे फ्लॅग बदलते. डीसीएक्स, म्हणजे जोडी कमी करणारी, एकाही फ्लॅगला हात लावत नाही. त्या दोन ओळी काढल्या तर जेएनझेड (उत्तर शून्य नसेल तर उडी) आधी कधीतरी पडून राहिलेला झीरो फ्लॅग बघणार: लूप पहिल्याच फेरीत सुटेल, नाहीतर सुटणारच नाही.

असं का केलं असेल म्हणून पुन्हा ब्लॉक डायग्रामकडे गेलो. फ्लॅग एएलयूला, म्हणजे बेरीज-वजाबाकी आणि ऑरसारखी कामं करणाऱ्या भागाला, जोडलेले. सोळा बिटांची वाढ-घट मात्र पत्त्याच्या बाजूला असलेला वेगळा इन्क्रिमेंटर-डिक्रिमेंटर करतो, ती एएलयूतून जातच नाही. पहिल्या वाचनात नुसतंच डोळ्याखालून गेलेलं चित्र आता बोलायला लागलं. म्हणून सीमधलं ए मध्ये आणायचं आणि बीशी ऑर करायचं. ०१०० असताना सी शून्य आहे, पण बीमध्ये ०१ आहे, त्यामुळे ऑरचं उत्तर शून्य नाही. दोन्ही रिकामे झाले तरच झीरो फ्लॅग चढतो.

मग वेळेचा हिशेब. डीसीएक्सला ६ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके), मूव्ह ४, ओआरए ४, उडी मारली तर जेएनझेड १०. एका फेरीला २४. क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा, ८०८५ आत त्याचे दोन भाग करतो, म्हणजे क्लॉक ३.०७२. अर्ध्या सेकंदात १५,३६,००० टी-स्टेट. भागिले २४ बरोबर ६४,०००. आणि ६४,००० हेक्समध्ये एफए००. इतका नेमका भाग जातो हे बघून मी उगाचच खूश होऊन बसलो होतो. (सुरुवातीची एलएक्सआय आणि शेवटचा न मारलेल्या उडीचा फरक सोडून दिला, अर्ध्या सेकंदात तो कोण मोजतोय?)

पुढे ८०८६ या सोळा बिटांच्या प्रोसेसरचं पुस्तक हाती घेतलं तेव्हा पहिल्या पानापासून सुरुवात केलीच नाही. आधी इन्स्ट्रक्शनचा तक्ता, त्यातही फ्लॅगचा रकाना. तिथे उलटंच दिसलं: सोळा बिटांचा ‘डेक सीएक्स’ झीरो फ्लॅग बदलतो, कॅरीला तेवढा शिवत नाही. म्हणजे ती मूव्ह-ऑरची जोडी इथे नको. सेगमेंटचं, म्हणजे पत्ता दोन भागांत देण्याचं, प्रकरण त्यामानाने सोपं गेलं, सेगमेंटला सोळाने गुणा आणि ऑफसेट मिळवा. पुस्तकं मात्र त्यावर पानंच्या पानं खर्च करतात.

तोवर एका ओळखीच्यांकडे डॉसचा पीसी आला होता आणि डॉसबरोबर डीबग हा प्रोग्रॅम फुकट मिळायचा. ‘टी’ दाबलं की एक इन्स्ट्रक्शन चालायची आणि सगळी रजिस्टरं, फ्लॅग समोर यायचे, एनझेडचं (शून्य नाही) झेडआर (शून्य) झालेलं डोळ्यांनी दिसायचं. पेन्सिलीचं काम मशीन करत होतं. लेबल मात्र डीबगला चालत नाही, उडीचा पत्ता आकड्यातच द्यावा लागतो. सोबतचे पीसीवाले त्याला वैतागायचे. मी वही आडवी केली आणि रकाने आखले.